पोटातल्या मोठ्या नसेला फुगा : पुण्याला पाठवलंय, आता काय करायचं?

मुतखड्याचा संशय म्हणून तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली, आणि डॉक्टर म्हणाले, "खडा नाही, पण पोटातल्या मोठ्या नसेला फुगा दिसतोय. पुण्याला दाखवून घ्या." हा आजार बहुतेकांना असाच, दुसरंच काहीतरी शोधताना सापडतो. तोवर दुखत नाही, खुपत नाही. माणूस शेतात जात असतो, जेवत असतो.

घरी येईपर्यंत मात्र त्या फुग्याचा बॉम्ब झालेला असतो. पाहुण्यांचे फोन सुरू होतात. एक जण म्हणतो, उद्याच्या उद्या ऑपरेशन करा. दुसरा म्हणतो, या वयात चाकू लावूच नका. दोघांनीही रिपोर्टातला आकडा वाचलेला नसतो, आणि या आजारात बरंचसं त्या एका आकड्यावर ठरतं.

फुगा म्हणजे नेमकं काय

हृदयातून निघून छातीतून खाली पोटात उतरणारी सगळ्यात जाड रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. बेंबीच्या जवळपास तिचे दोन फाटे होऊन ते दोन पायांकडे जातात. रिपोर्टात तिला 'एओर्टा' म्हणतात आणि फुग्याला 'ॲन्युरिझम'. पोटातल्या फुग्याचं लांबलचक नाव 'ॲब्डॉमिनल एओर्टिक ॲन्युरिझम', त्याचंच डॉक्टर लोक 'ट्रिपल ए' करतात.

विहिरीवरच्या मोटारीचा जुना पाइप आठवा. वर्षानुवर्षं उन्हातान्हात राहून एका जागी त्याची भिंत कमजोर होते आणि मोटार चालू केली की तिथं फुगवटा येतो. तसंच हे. पाइपचा दाब म्हणजे तुमचं बीपी. पाइप बदलेपर्यंत दाब कमी ठेवायचा, हे शेतकऱ्याला वेगळं शिकवायला नको.

वय साठीच्या पुढे, पुरुष, बिडी-सिगारेट ओढणारा, बीपी वाढलेलं, आणि सख्ख्या नात्यात कुणाला हा आजार झालेला, अशा लोकांत तो जास्त सापडतो. बायकांना कमी होतो, पण झाला तर त्यांचा फुगा लहान आकारातही फुटू शकतो. तरुण माणसात सापडला तर कारण वेगळं असतं. मारफान नावाचा जन्मजात दोष (उंच, सडपातळ, लांब बोटांची माणसं), रक्तवाहिन्यांची सूज, कधी टीबीसारखा जंतुसंसर्ग. फुगा छातीतल्या महाधमनीलाही येतो. त्याची मोजमापं आणि ऑपरेशन वेगळं असतं, म्हणून पुढची आकडेवारी पोटातल्या फुग्याची समजून वाचा.

आकडा वाचायला शिका

पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त झाली की तिला फुगा म्हणतात. पुरुषांमध्ये ५.५ सेंटिमीटरला आणि बायकांमध्ये ५ च्या आसपास ऑपरेशनचा विचार सुरू होतो. त्याआधी बहुतेकांना फक्त लक्ष ठेवायला सांगतात.

एक गोंधळ नेहमी होतो. काही सेंटर सेंटिमीटरमध्ये लिहितात, काही मिलिमीटरमध्ये. मागच्या वर्षी '४.१' होतं आणि यंदा '४२' आलं म्हणून घाबरू नका. ४२ मिलिमीटर म्हणजे ४.२ सेंटिमीटर, म्हणजे वाढ एका मिलिमीटरची. एवढा फरक मोजणाऱ्याच्या हातानेही पडतो. म्हणून शक्यतो दर वेळी एकाच सेंटरवर तपासणी करा आणि जुना रिपोर्ट बरोबर न्या. लांबी आणि रुंदी दोन्ही लिहिलेली असतात, त्यातली रुंदी महत्त्वाची. 'थ्रॉम्बस' असा शब्द दिसेल. फुग्याच्या आतून रक्ताची साय धरलेली असते, ती बऱ्याच जणांत असतेच.

"फुगा आहे तर काढून का टाकत नाहीत? वाट कशाची बघताय?" हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये ४ ते ५.५ सेंटिमीटरचा फुगा असलेल्या १,०९० रुग्णांवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, निम्म्यांवर सोनोग्राफीने लक्ष ठेवलं. १९९८ मध्ये निकाल आला. लगेच ऑपरेशन केलेले जास्त जगले असं दिसलं नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासातही तेच निघालं. तेव्हा डॉक्टर "थांबा" म्हणतात ते टाळाटाळ म्हणून नाही.

पण थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. लहान फुगा सरासरी वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढतो, कुणाचा अजिबात वाढत नाही, कुणाचा झपाट्याने वाढतो. ३ ते ४ च्या दरम्यान असेल तर डॉक्टर वर्षाने किंवा त्याहून उशिरा बोलावतात. साडेचारच्या पुढे गेला की तीन ते सहा महिन्यांनी. सहा महिन्यांत अर्धा सेंटिमीटर वाढला किंवा पोट-पाठ दुखायला लागली तर ५.५ ची वाट बघत नाहीत. आपल्याकडे माणसं हरतात ती बऱ्याचदा इथंच. पहिला रिपोर्ट दाखवला, डॉक्टर म्हणाले लहान आहे, मग दोन सुगी गेल्या, लेकीचं लग्न झालं, आणि पुढची सोनोग्राफी राहूनच गेली. पुढची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. सून-मुलाच्या मोबाईलमध्येही टाका.

सहा वर्षांहून जास्त फुगा घेऊन जगलेला माणूस

अल्बर्ट आइन्स्टाइन हे नाव शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्यांच्याही पोटात हाच फुगा होता. १९४८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचं पोट उघडलं. नस बदलण्याची कला तेव्हा आलेली नव्हती. म्हणून फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं, म्हणजे गिफ्टला लावतात तो पारदर्शक कागद. त्याने आजूबाजूला कडक वण धरतो आणि भिंतीला आधार मिळतो, असा हिशेब होता. त्यानंतर आइन्स्टाइन सहा वर्षांहून जास्त जगले आणि शेवटपर्यंत काम करत राहिले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला, त्यांनी ऑपरेशनला नकार दिला आणि १८ तारखेला ते गेले. वय ७६.

हे सांगायचं कारण एवढंच की फुगा सापडला म्हणजे माणूस खाटेला खिळला असं नाही. आणि त्यांच्या वेळी जे नव्हतं ते आज पुण्यात होतं.

बिडी, बीपी आणि मेडिकलमधली गोळी

फुगा वाढवणाऱ्या गोष्टींत आपल्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट धूर आहे. बिडी ओढणाऱ्याचा फुगा लवकर वाढतो आणि लवकर फुटतो. "दिवसाला दोनच ओढतो" हा हिशेब इथं चालत नाही. तंबाखू-मिश्रीनेही नाडी आणि बीपी वाढतं, त्यामुळे बिडी सोडून चुना-तंबाखू धरली तर फार काही कमावलं असं होत नाही.

बीपी साधारण १३०/८० च्या आत ठेवायला सांगतात. गोळी रोज, बरं वाटत असलं तरी. "आता नॉर्मल आलंय, बंद केली" असं गावोगावी ऐकू येतं. नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच. घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. लोणचं, पापड, खारवलेली मिरची, फरसाण कमी. ठेच्यात मीठ कमी घालून जमतं, सवय लागायला महिना जातो.

आता एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत आहे. जुलाब लागले किंवा लघवीला जळजळलं की मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन अशा गोळ्या सर्रास आणल्या जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला की महाधमनीला फुगा असलेल्यांना, शक्यतो दुसरा पर्याय नसेल तरच, ही औषधं द्यावीत. फुगा फाटण्याचा धोका त्यांनी वाढू शकतो. पाकिटावर नावाच्या शेवटी 'फ्लॉक्सासिन' दिसलं तर डॉक्टरांना आधी फुग्याचं सांगा. कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज खाणंही टाळा, त्यांनी बीपी वाढतं.

आणि पोट चोळून घेऊ नका. बेंबीपाशी ठणठण उडतंय, म्हणजे बेंबी सरकली, असं म्हणून तेल लावून पोट चोळणारे, तांब्या लावणारे अजून आहेत. बारीक माणसाच्या पोटात नाडी तशीही हाताला लागते, त्यामुळे प्रत्येक ठणका म्हणजे फुगा नाही. पण साठीच्या पुढच्या, बिडी ओढणाऱ्या माणसाच्या पोटात उडणारी गाठ हाताला लागत असेल तर आधी सोनोग्राफी.

शेतातलं काम, वारी, योगासनं

लहान फुगा असताना चालणं, सायकल, गुरांना वैरण घालणं, दारं धरणं, हे सगळं चालतं. उलट चाललेलं बरं. चालत नाही ते दम कोंडून केलेलं जोराचं काम. युरियाची गोणी आता ४५ किलोची आहे, डीएपीची ५० ची, दुधाचं भरलेलं कॅन चाळीस लिटरचं. यातलं काहीही पाठीवर घेताना माणूस श्वास रोखतो आणि त्या क्षणी बीपी एकदम वर जातं. ऊसाची मोळी, अडकलेला ट्रॅक्टर ढकलणं, बंद पडलेली मोटार विहिरीतून ओढणं, हेही त्यातच आलं. साध्या शब्दांत, बोलत-बोलत जे काम करता येतं ते करा, दात-ओठ खाऊन करावं लागतं ते दुसऱ्याला द्या.

संडासला कुंथावं लागत असेल तर तोही दम कोंडणंच आहे. पाणी, भाजी, गरज पडली तर इसबगोल. जुना खोकला असेल तर त्याचं औषध घ्या.

वारीबद्दल हमखास विचारलं जातं. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, रोजचं चालणं, उघड्यावरची झोप. फुगा लहान असेल, बीपी ताब्यात असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर वारीला नाही म्हणायचं कारण नाही. दिवेघाटाच्या चढाला मात्र रेटून चढू नका, थांबत चढा किंवा तेवढं गाडीने जा. गोळ्या पिशवीत नको, अंगावर ठेवा. फुगा पाचच्या पुढे असेल तर यंदा माउलींना घरूनच नमस्कार करावा, असं आमचं मत. योगासनांत साधा प्राणायाम चालतो, श्वास रोखून धरायचे प्रकार आणि जोरजोरातली कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आबांना सांगायचं की नाही?

आपल्या घरांमध्ये ही एक खोड आहे. रिपोर्ट मुलाला कळतो, सुनेला कळतो, गावातल्या चार जणांना कळतो, फक्त ज्याच्या पोटात फुगा आहे त्याला "काही नाही, गॅस आहे" सांगतात. प्रेमापोटीच सांगतात. पण ज्याला माहीतच नाही तो बिडी का सोडेल? गोणी का खाली ठेवेल? आणि रात्री दोनला पोटात कळ आली तर तो कुणाला उठवणार नाही, सकाळपर्यंत गॅसच समजत बसेल. सांगा. आकडा सांगा, पुढची तारीख सांगा.

सांगितल्यावर सख्ख्या भावांनाही फोन करा. फुगा घराण्यात चालतो. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या भावांनी, आणि पुढे मुलांनीही, पोटाची सोनोग्राफी एकदा करून घ्यावी. सुई टोचत नाहीत, पंधरा मिनिटांचं काम. ब्रिटनमध्ये ६५ वर्षांच्या प्रत्येक पुरुषाला सरकार यासाठी बोलावतं. आपल्याकडे तशी मोहीम नाही, तेव्हा स्वतःच जायला हवं.

हे झालं तर एक मिनिटही थांबू नका

पोटात, कुशीत किंवा पाठीत अचानक जबरदस्त कळ. बरोबर घाम, अंग गार, चक्कर किंवा शुद्ध हरपणं. किंवा छातीत, दोन खांद्यांच्या मध्ये काहीतरी फाटल्यासारखी कळ. किंवा एक पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर. फुगा असलेल्या माणसाला यातलं काहीही झालं तर ते मुतखडा, उसण किंवा गॅस नाही असं धरून चाला. फुगा फुटला तर दहातले सुमारे आठ वाचत नाहीत. वाचतात ते वेळेत पोचलेले.

१०८ ला फोन करा आणि पहिलं वाक्य हेच बोला : "पोटातल्या महाधमनीला फुगा आहे, फुटल्याचा संशय आहे." जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून रात्र काढू नका. जुन्नरहून पुणं शंभर किलोमीटरच्या आसपास, इंदापूरहून सव्वाशेच्या वर, आणि पुढे हडपसर-चाकणची वाहतूक. सिटी स्कॅन आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन रात्रीही असतात असं हॉस्पिटल कुठलं, हे आजच, शांत डोक्याने विचारून ठेवा. तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

वाटेत कुठेही थांबलात तर तिथल्या डॉक्टरांना फुग्याचं आधी सांगा. छातीची कळ बघून हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणारं इंजेक्शन दिलं गेलं आणि आत फुगा फाटलेला असेल, तर अनर्थ होतो. त्यासाठी एक चिठ्ठी खिशात ठेवा. नाव, 'महाधमनीचा फुगा', शेवटचा आकडा आणि तारीख, चालू गोळ्या, घरच्यांचा नंबर. रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये असला तरी चिठ्ठी हवीच, लॉक लागलेला मोबाईल कुणाला उघडत नाही.

पुण्यात कुठं, आणि पैशाचं काय

दाखवायचं ते व्हॅस्क्युलर सर्जन किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या सर्जनला. सरकारी ठिकाण म्हणजे पुणे स्टेशनजवळचं ससून. सकाळी लवकर जा, आधी केसपेपर, मग सर्जरीची ओपीडी. माजी सैनिकांनी आपलं ईसीएचएस कार्ड विसरू नये. लष्कराची हृदय आणि छातीच्या आजारांची मोठी संस्था, आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ थोरॅसिक सायन्सेस, पुण्यातच आहे. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून रेफर करून मिळतं का ते विचारा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार न्या, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. नुसतं "योजनेत बसतं का" विचारू नका. डॉक्टरांकडून ऑपरेशनचं नेमकं नाव कागदावर लिहून घ्या आणि तो कागद दाखवून विचारा. जांघेतून घालायच्या स्टेंट ग्राफ्टची किंमतच काही लाखांत असते, तो पॅकेजमध्ये आहे की वरून भरायचा, हे दाखल होण्याआधी कळायला हवं. वय ७० पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्नाची अट न लावता मिळतं.

धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. तातडीच्या रुग्णाला दाखल करून जीव सावरण्यापुरते उपचार देणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि निर्धन-दुर्बल रुग्णांकडून अनामत मागता येत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मात्र लागतो. तो आयत्या वेळी मिळत नाही, आताच काढून ठेवा.

ऑपरेशन ठरलं तर

दोन पद्धती आहेत. पोट उघडून फुगलेल्या जागी कापडी नळी शिवणं ही जुनी. ही नळी डॅक्रॉनची, म्हणजे एक प्रकारचं पॉलिएस्टर. अमेरिकेतले डॉ. मायकेल डिबेकी यांनी १९५० च्या दशकात दुकानातून हे कापड आणून बायकोच्या शिलाई मशीनवर पहिल्या नळ्या शिवल्या होत्या. पुढे वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचीच महाधमनी फाटली आणि त्यांनीच घडवलेल्या ऑपरेशनने ते वाचले. या पद्धतीत हॉस्पिटलमध्ये आठवडा-दहा दिवस जातात आणि जड कामाला दोन-तीन महिने सुट्टी. पण एकदा बसलेली नळी सहसा आयुष्यभर टिकते.

दुसरी पद्धत जांघेतल्या नसेतून नळी वर सरकवून फुग्याच्या आत बसवायची, तिला 'इव्हार' म्हणतात. चिरा लहान, दोन-चार दिवसांत घरी. म्हाताऱ्या, दमेकरी माणसाला ती सोपी जाते. अट अशी की नळीच्या कडेने रक्त फुग्यात झिरपतंय का, हे बघायला पुढे कायम ठरावीक दिवसांनी स्कॅन करत राहावं लागतं. ज्यांना पुण्याला दरवर्षी येणं जमणार नाही त्यांनी हे सर्जनना आधीच स्पष्ट सांगावं, कारण कुठली पद्धत निवडायची ते यावरही ठरतं.

दोन्हींआधी रंग सोडून सिटी स्कॅन होतो. त्याच्या आधी किडनीची क्रिएटिनिन तपासणी होते, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर सांगा. बिडी ऑपरेशनच्या किमान महिनाभर आधी सुटलेली असावी, नाहीतर भुलीनंतर छातीत कफ भरतो. सोबत दोन माणसं, रक्तगटाचा कागद आणि जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत घ्या.